आहेर करणारे साहेब

आमच्या साहेबांच्या खुर्चीमागे एक लोखंडी कपाट होते आणि त्यात सरकारी कागदाचा एक कपटाही नव्हता. वरच्या खणात फेस न येणारे साबण, मधल्या खणात दात पडलेले प्लास्टिकचे कंगवे, वाकड्या मेणबत्त्या आणि पेटवल्या असता सुवासापेक्षा ठिणग्याच अधिक देणाऱ्या उदबत्त्या, खालच्या खणात बिस्किटांचे डबे. जिल्ह्यात नव्याने सुरू झालेल्या प्रत्येक कारखान्याचा पहिला नग साहेब स्वतः जाऊन मागून आणत आणि या कपाटात ठेवत. मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी ते उघडून दाखवले आणि माझ्या चेहऱ्यावरचा संकोच पाहून म्हणाले, "पहिलं लेकरू हाये ते. वाकडंतिकडं असलं तरी तोंड पाहाच लागते, बापा."

बिस्किटे मात्र नुसती पाहण्यासाठी नव्हती. नागपूरहून किंवा मुंबईहून कोणी वरिष्ठ आले की साहेब त्यांतले एक चहाबरोबर पुढे करत. ते बिस्किट चहात कितीही वेळ बुडवले तरी आपला मूळ स्वभाव सोडत नसे. पाहुणा ते मुकाट्याने चावू लागला, तर साहेब मनातल्या मनात त्याला उत्तीर्ण करत. त्याने ते बशीच्या कडेला ठेवले, तर पाहुणा गेल्यावर म्हणत, "हा आपली फाईलबी अशीच बाजूले ठेवन." त्यांचे हे निदान, मला कबूल केले पाहिजे, क्वचितच चुकले.

चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा नुकताच अस्तित्वात आला होता. तिकडे चंद्रपूरला कोळसा होता, गडचांदूरला सिमेंटची धुराडी उठली होती. आमच्या वाट्याला जंगल, धान आणि तलाव आले होते. उद्योग नसलेला जिल्हा म्हणून सरकारने आमच्यासाठी सर्वांत मोठ्या सवलती जाहीर केल्या होत्या. येथे कोणी कारखाना काढला, किंवा असलेला वाढवून गावातल्या माणसांना काम दिले, तर त्याला भांडवलापैकी काही हिस्सा अनुदान म्हणून मिळे, विक्रीकरात सूट मिळे. अर्ज तपासून ही सवलत योग्य माणसाच्या पदरात पडते आहे की नाही, हे पाहणे आमच्या कार्यालयाचे काम होते. भाड्याच्या घरातल्या त्या कार्यालयात मी नागपूरहून निरीक्षक म्हणून आलो. माझ्याजवळ वाणिज्य शाखेची मोठी पदवी आणि अगदी लहान आवाज होता. मी माझे नाव सांगितले तेव्हा साहेबांनी कानामागे हात धरला. "आवाज एवढाच हाये, का अर्धा नागपूरले ठेवून आले?"

ते स्वतः झाडीतलेच, म्हणजे या जंगलपट्टीतले, वैनगंगेकाठचे. बोलताना समोर शिपाई असो वा जिल्हाधिकारी, त्यांची बोली बदलत नसे. लिहिताना मात्र त्यांच्या लेखणीतून असे काटेकोर, घोटीव मराठी उतरे की मुंबईचे अवर सचिव त्यांच्या टिपणांची नक्कल काढून ठेवत, असे म्हटले जाई. मी एकदा धीर करून या दोन भाषांविषयी विचारले. ते म्हणाले, "फाईल मुंबईले जाते, तिले चांगलं लुगडं नेसवा लागते. आपुन इथीच हावो. आपल्याले कायचं नेसवता?"

सवलत, अनुदान, प्रोत्साहन हे शब्द ते फक्त कागदावर वापरत. तोंडी त्यांचा एकच शब्द होता: आहेर. "लग्न त्यायनं करावं, आहेर आपुन करावा. पन आहेरासाठीच लग्न करनारा दिसला, का परतून यावं." नवा अर्जदार आला की त्याच्या भांडवलाचा किंवा यंत्रांचा विषय काढण्यापूर्वी ते विचारत, "आहेर नाई भेटला तरी लग्न करसान का?" पुष्कळ जण या प्रश्नाने गोंधळत. एकाने तर गंभीरपणे सांगितले की त्याला दोन मुले आहेत. साहेब त्याच्यावर इतके खूश झाले की त्याच्या पिठाच्या गिरणीचा प्रस्ताव त्याच आठवड्यात वर गेला.

तपासणीला जाताना ते जीप कारखान्यापासून दूर उभी करत आणि मागच्या बाजूने आत शिरत. मळके पांढरे धोतर, हातात बाराही महिने छत्री, आणि उन्हाळ्यात सदऱ्याच्या खिशात कांदा. ऊन लागू नये म्हणून तो कांदा जवळ ठेवत आणि माझ्याही खिशात रोज सकाळी एक घालत. माझी सारी पांढरी पोषाखी अब्रू त्या कांद्याच्या वासात गेली, पण तेथे काढलेले दोन्ही उन्हाळे मी ठणठणीत राहिलो.

एका बाहेरच्या शेठजींनी रस्त्यालगत मोठी शेड उभारून लाकडी खोक्यांचा कारखाना दाखवला होता. यंत्रे होती, फलक होता, कामगारही होते, आणि सारे फार तन्मयतेने काहीतरी ठोकत होते. साहेब पाहत फिरले. मग एका माणसाजवळ थांबून म्हणाले, "लय तहान लागली, भाऊ. पानी आन बरं जरासं." तो माणूस डावीकडे निघाला, थबकला, उजवीकडे वळला. दुसरा त्याला साहाय्य करण्यासाठी शेडच्या मागे गेला आणि तसाच परत आला. तिसऱ्याने शेठजींकडे पाहिले. कोणालाच पाण्याचा माठ कोठे आहे, हे ठाऊक नव्हते, कारण सारी मंडळी त्याच दिवशी सकाळी ट्रॅक्टरमध्ये भरून आणली होती. साहेब रागावले नाहीत. त्यांनी छत्री उघडली आणि शेठजींना म्हणाले, "मालक, या लोकायले घरी पोचवून द्या. अन् जाताना पानी पाजा." परत येताना जीपमध्ये ते मोठ्याने हसत होते. मी तेव्हा मनोमन ठरवले की या माणसाच्या हाताखाली जितके दिवस राहता येईल तितके राहायचे.

पण साहेबांची खरी ओळख मला कवेलूच्या प्रकरणात झाली.

आरमोरीच्या रस्त्यावर एका तलावाजवळ देवाजी नावाच्या गृहस्थाचा कवेलूंचा, म्हणजे छपरावर घालायच्या मातीच्या खापऱ्यांचा, छोटा कारखाना होता. देवाजी बौद्ध समाजातला, चाळिशीचा, कमी बोलणारा. गडचांदूरकडे सिमेंट कारखान्याच्या बांधकामावर त्याने काही वर्षे मुकादमकी केली होती. तेथून परत येऊन त्याने तलावाची माती तपासली, एक हातदाबयंत्र आणले आणि एक भट्टी लावली. साहेबांच्या कपाटात त्याचे पहिले कवेलू होते, एका बाजूला फुगलेले. त्यानंतरची मात्र उत्तम निघत. आता त्याला दुसरी भट्टी घालायची होती. ती झाली असती, तर गावातल्या आणखी काही कुटुंबांना बारमाही काम मिळाले असते. नाही तर ती माणसे नेहमीप्रमाणे हिवाळा सरता सरता मिरची तोडायला आंध्रात निघून गेली असती, लेकरांसकट. त्यांतल्या बऱ्याच जणांना देवाजीने भट्टीच्या भरवशावर आधीच कामावर घेतले होते. "आहेर नाई भेटला तरी लग्न करसान का?" या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर मला आठवते. तो म्हणाला होता, "साहेब, लग्न तं लागून गेलं. आता नांदवाचं हाये."

प्रस्ताव निर्दोष होता. केवळ नागपूरहून एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी येऊन कामगार प्रत्यक्ष कामावर पाहायचे होते. आदल्या वर्षी कोणत्या तरी जिल्ह्यात बनावट कामगार दाखवून अनुदान उचलले गेले होते, त्यामुळे नियम कडक झाला होता: तपासणीच्या दिवशी कामगार दिसले नाहीत, तर प्रस्ताव रद्द. आणि योजनेची मुदत त्या महिन्याअखेर संपत असल्याने दुसरी तारीख मिळणे शक्य नव्हते.

नागपूरने तारीख दिली ती मे महिन्याच्या मध्यातली.

ती वाचून साहेबांनी कपाळावर हात मारला. मला कारण कळेना. त्यांनी मला खिडकीशी नेऊन बाहेरचा रस्ता दाखवला. तो रिकामा होता. "तेंदूपत्ता," ते म्हणाले. विड्यांसाठी लागणारी तेंदूची पाने त्या दिवसांत थोडाच काळ तोडता येतात, आणि तेवढ्या काळात रोख पैसा देणारे त्याहून मोठे काम झाडीत नाही. पहाटे अख्खे गाव रानात जाते. शाळेतल्या बाई, गुराखी, नवी सून, सगळे. कोणताही कारखाना त्या दिवसांत चालत नाही आणि कोणताही शहाणा मालक तसा आग्रह धरत नाही. हे झाडीत सर्वांना ठाऊक होते. नागपूरच्या कॅलेंडरमध्ये मात्र ते छापलेले नव्हते. साहेबांनी तारीख बदलावी म्हणून आपल्या घोटीव मराठीत विनंती केली. तिला उत्तर आले नाही.

ठरल्या दिवशी साहेब आणि मी अधिकाऱ्यांच्या आधी देवाजीकडे पोहोचलो. मागच्या बाजूने शिरलो आणि जागच्या जागी उभे राहिलो. कारखाना माणसांनी फुलला होता. पुरुष, बाया, सारे कामात. पण पुरुषांच्या अंगावर कडक इस्त्रीचे नवे टेरिकॉटचे सदरे होते, बायांच्या अंगावर जरीकाठी पातळे, आणि एका आजीबाईंनी केसांत मोगऱ्याचा गजरा माळला होता. एक जाडजूड गृहस्थ एकच कवेलू या टोकाकडून त्या टोकाकडे नेत आणि पुन्हा जागेवर आणत होते.

साहेबांनी त्यांना नमस्कार केला. "काय काम करता, भाऊ?"

"मी भट्टीवाला," गृहस्थ छाती काढून म्हणाले. मग जरा वाकून हळूच पुसले, "तुमी पोरीकडले का पोराकडले?"

"अन् तुमी?"

"मी नवरदेवाचा मामा. जेवनाची पंगत कधी बसन, काई मालूम हाये का?"

देवाजीच्या बहिणीचे लग्न दुसऱ्या दिवशी होते. कामगार रानात गेलेले पाहून धास्तावलेल्या देवाजीने आलेले वऱ्हाडच कामाला लावले होते. आयुष्यात कधी खोटे न बोललेला माणूस खोटे बोलायला निघाला, म्हणजे त्याची जी दशा होते ती त्याची झाली होती. तो खाली मान घालून उभा राहिला. "काय करू, साहेब? भट्टी नाई झाली तं हे पंधरा घरं पुन्हा मिरचीले जाते. मंग कोन्या तोंडानं राहू गावात?"

मला वाटले, साहेब आता छत्री उघडतील आणि परत फिरतील. ते मात्र बराच वेळ त्या वऱ्हाडाकडे पाहत राहिले आणि त्यांच्या खांद्यांना हसू फुटले. "अरे देवाजी, आहेराले वऱ्हाड लागते हे मले मालूम हाये. पन तू तं खरंखुरंच आनलं, लेका!" मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "यायले जेवाले बसव. तुह्ये मानसं खरे हायेत, तं खरेच दाखवू."

नागपूरचे अधिकारी भर दुपारी आले. राखी सफारी, चकचकीत बूट, ओठ घट्ट मिटलेले. रिकाम्या कारखान्यावरून त्यांनी नजर फिरवली आणि म्हणाले, "कामगार?"

"हायेत ना," साहेब म्हणाले. "जरा लांब हायेत." आणि अधिकाऱ्यांनी काही विचारण्याच्या आत त्यांच्या सफारीच्या खिशात एक कांदा घातला.

आमची जीप रानातल्या वाटेने निघाली. मागे मी आणि देवाजी. पुढे अधिकारी, अतिशय ताठ. रानात जेथे पाने मोजून घेतली जातात त्या जागेला फळी म्हणतात. उन्हे उतरू लागली तेव्हा आम्ही तेथे पोहोचलो. मोहाच्या मोठ्या झाडाखाली बाया-माणसांची जत्रा भरली होती. पहाटे तोडलेल्या पानांची पुडकी बांधून जो तो रांगेत बसला होता. ओल्या पानांचा हिरवा, तुरट वास सगळीकडे पसरला होता. कोणी हसत होते, कोणी भांडत होते, आणि दोन्ही एकाच आवाजात.

"आवाज द्या," साहेब मला म्हणाले.

मी घसा साफ केला आणि कवेलूच्या कारखान्यातील कामगारांनी कृपया हात वर करावेत, असे निवेदन केले. ते माझ्या शेजारच्या मोहाच्या झाडानेही ऐकले नसावे. साहेबांनी मग छत्री उंच धरून हाक घातली, "कवेलूवाले कोन कोन हावो रे?" क्षणार्धात सगळ्या फळीचे हात वर झाले. पाने मोजणाऱ्या मुनशीचाही झाला. सरकारी माणूस काहीतरी वाटायला आला आहे, एवढेच सर्वांना कळले होते.

अधिकाऱ्यांच्या मिटलेल्या ओठांची एक बाजू किंचित वर गेली. "पाहिले मी," ते म्हणाले. "चला." आणि ते जीपकडे वळले. देवाजीचा चेहरा मातीसारखा झाला. प्रस्ताव संपला होता. जीपआड उभा असलेला देवाजी त्यांना वाट करून देण्यासाठी पुढे आला, आणि त्यामुळे तो रांगेतल्या लोकांना दिसला.

"काय गा देवाजी!" रांगेतून एक काटक, उंच बाई पुडके तसेच टाकून उठली. ही सोनाबाई; भट्टीत जाण्यापूर्वी कच्ची कवेलू ओल्या पोत्यांखाली हळूहळू वाळवत, त्या वाळवणीच्या मांडवावर तिची हुकमत चाले. "तू इथी काऊन? अन् कच्च्या मालापाशी कोन हाये?"

"कोनी नाई," देवाजी पुटपुटला.

"कोनी नाई? पोते ओले केले का सकाळी?"

"लग्नाच्या गडबडीत..."

"ऐका!" सोनाबाई साऱ्या रांगेकडे वळून ओरडली. "मालकानं पोते ओले नाई केले म्हनते! असा वारा सुटून राह्यला अन् माल उघडा!"

मग जे झाले ते मला शब्दांत मांडणे कठीण आहे. रांगेतून एकामागून एक माणसे उठली आणि देवाजीभोवती गोळा झाली. "उलटवला तरी का?" "पाठ वाळली असन, पोट ओलं असन, तडकनार ना!" "शाळेच्या छपराले जानारा माल हाये तो, खेळ नोहे!" "आमी जाताना काय सांगतलं होतं तुले? का कान लग्नात दिले?" एक म्हातारा त्याच्या नाकासमोर बोट नाचवत होता, एक तरुण बाई कडेवरच्या लेकरासकट त्याला रागे भरत होती. ज्यांचा कवेलूंशी संबंध नव्हता ते आपोआप मागे, आपापल्या पुडक्यांपाशी राहिले होते, आणि मघाशी वर गेलेले हात आता गंमत पाहत गुडघ्यांवर विसावले होते. देवाजी मध्यभागी उभा राहून निमूटपणे शिव्या खात होता. साहेबांनी हळूच माझा दंड दाबला. अधिकारी जीपच्या दारावर हात ठेवून थांबले होते.

"हे सगळे..." ते सावकाश म्हणाले.

"शिकवून असं बोलता येत नाई, साहेब," आमचे साहेब म्हणाले. "मालकाले एवढ्या हक्कानं शिव्या कोन देते? त्याचाच मानूस देते."

अधिकारी काही बोलणार, तोच सोनाबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "जीप तुमची का हो, भाऊ? रिकामीच जाते का तिकडं? बसवा आमाले. माल वाचते अजून." आणि संमतीची वाट न पाहता तिने आपले पुडके शेजारणीच्या हवाली केले आणि चढली. तिच्यामागून इतक्या जणी चढल्या की मला मागच्या फळकुटावर लोंबकळावे लागले, आणि नागपूरचे अधिकारी आपल्याच आसनावर एका लेकराला मांडीवर घेऊन बसले. उरलेले लोक पायी निघाले.

कारखान्यात वऱ्हाड जेवून, झोप काढून उठत होते. सोनाबाईने सरळ वाळवणीचा मांडव गाठला, एका मांडणीवरचे कवेलू उचलून गालाला लावले आणि ओरडली, "हाये जीव! चला!" कोणी पाणी आणले, कोणी पोती भिजवली, कोणी कवेलू उलटवू लागले. नवरदेवाच्या मामांनाही तिने सोडले नाही. यावेळी मात्र त्यांना खरे काम होते. साहेब छत्री काखेत मारून पोती पिळत होते. मी पाणी वाहत होतो. आणि थोड्या वेळाने पाहतो, तर राखी सफारीतले अधिकारी बाह्या वर सारून ओळीत उभे होते, हातात एक ओले कवेलू दोन्ही तळव्यांवर, नवजात बाळ धरावे तसे.

"हे कुठे ठेवू?" त्यांनी विचारले.

"पाठ खाली, भाऊ, पाठ खाली! हं, असं. आता दुसरं घ्या."

त्यांनी दुसरे घेतले, मग तिसरे. दिवस मावळेपर्यंत ते थांबले नाहीत, बोलले नाहीत आणि, माझ्या आठवणीप्रमाणे, त्यांच्या हातून एकही कवेलू फुटले नाही. सारा माल झाकून झाला तेव्हा त्यांनी मातीने भरलेले हात पुढे धरले आणि सोनाबाईने त्यांवर पाणी ओतले. मग त्यांनी जीपच्या बॉनेटवर प्रस्तावाचे कागद मागवून तेथेच सही केली. देवाजी नुसता त्या सहीकडे, मग आपल्या माणसांकडे पाहत राहिला.

सोनाबाईला सहीचे काही नव्हते. पदराला हात पुसत तिने अधिकाऱ्यांकडे बोट दाखवून देवाजीला विचारले, "हा नवा मानूस उद्या येनार हाये का? हात चांगला हाये त्याचा."

दिवसभर मिटलेले ते ओठ तेव्हा उघडले आणि अधिकारी इतके मोकळे हसले की बायाही हसू लागल्या.

"बाई, त्यायले नागपूरले नोकरी हाये," आमचे साहेब म्हणाले. "पन दुसऱ्या भट्टीवर एक जागा राखून ठेवा. मानसाचं काई सांगता येत नाई."